सुताराची पंगत



या पुस्तिकेत दरवर्षी भोजन समितीचं एक पान असतं. त्यात आम्ही मेनू छापतो, ज्यांनी ज्यांनी कढया घासल्या त्यांचे आभार मानतो, आणि "पुढच्या वर्षी स्वयंपाकघरात आणखी हात हवेत" असं लिहून मोकळे होतो. या वर्षी मात्र थोडी जास्त जागा मागून घेतली आहे. एक अगदी साधा पदार्थ आणि त्याच्यामागची एक रीत गेलं वर्षभर आमच्या डोक्यात घोळते आहे. आपल्या मदतनिधीच्या जेवणाशी तिचा जवळचा संबंध आहे असं आम्हाला वाटतं. पदार्थ दक्षिण इटलीतला आहे: काबुली चणे आणि पास्ता. त्यात ना चीज, ना क्रीम, ना मांस.

सुरुवात अशी झाली. आपला गणपती ज्या चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बसतो, तो हॉल बुक करायला गेल्या वर्षी आमच्यातले तिघे मार्चच्या १९ तारखेला गेले. हॉल माणसांनी भरलेला. समोरच्या भिंतीला लागून तीन पायऱ्यांची मांडणी, त्यावर पांढरी शुभ्र चादर, सगळ्यात वर हातात लिलीची फुलं घेतलेल्या एका दाढीवाल्या संताची मूर्ती. पायऱ्यांवर वेणीसारखे गुंफलेले मोठमोठे पाव, संत्री, बडीशेपेचे हिरवे गड्डे, तळलेले मासे, मधातली मिठाई, दिवे, फुलं. आमच्यातल्या एकीच्या तोंडून निघूनच गेलं, "अगंबाई, हा तर अन्नकोट!"

हॉलच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्या आजीबाईंना आपल्यातले बरेच जण ओळखतात. त्यांचे आईवडील इटलीहून आले होते. त्यांनी बुकिंगची वही बाजूला सारली. "आज सेंट जोसेफचा दिवस आहे. आज या दारातून आत आलेला कोणीही न जेवता जात नाही. बसा." आणि समोर वाफाळणारे बाऊल आले. चण्याच्या दाटसर रश्शात शिजलेल्या पिठाच्या पट्ट्या, वरून त्याच पट्ट्या तळून टाकलेल्या. पहिला घास घेतला आणि तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ही तर वरणफळं! कोणी चकोल्या म्हणेल, कोणी डाळफळ. डाळीच्या जागी चणे, फोडणीच्या जागी ऑलिव्ह तेल, बाकी तेच.

घरी आल्यावर आम्ही या पदार्थाच्या मागे लागलो. जे कळलं ते इथे मांडतो.

बुटाच्या टाचेतला पदार्थ

नकाशात इटली बुटासारखा दिसतो हे शाळेत आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्या बुटाची टाच म्हणजे सालेंतो, पुलिया प्रांताचा दक्षिणेकडचा भाग. एका बाजूला एड्रियाटिक समुद्र, दुसऱ्या बाजूला आयोनियन. मध्ये लाल माती, दगडी कुंपणं, ऑलिव्हची झाडं. लेच्चे, ब्रिंदिसी, तारांतो ही तिथली मोठी शहरं. तारांतोशी आपलंही एक नातं आहे बरं का. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन याच बंदरात उतरली, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. सातारा-कोल्हापूरकडच्या आपल्या माणसांनी इटलीच्या मातीवर पहिलं पाऊल ठेवलं ते इथे.

तर या सालेंतोचा मानाचा पदार्थ म्हणजे 'चिचिरी ए त्रिया'. चिचिरी म्हणजे चणे. लॅटिनमध्ये चण्याला 'चिचेर' किंवा 'किकेर' म्हणत. रोमचा थोर वक्ता सिसेरो याचं आडनावही त्यावरूनच आलेलं. म्हणजे आपल्या भाषेत श्रीयुत चणे किंवा हरभरे! आणि त्रिया म्हणजे पिठाच्या पट्ट्या. हा शब्द अरबी 'इत्रिया'वरून आला. इ.स. ११५४ मध्ये अल-इद्रीसी नावाच्या भूगोलतज्ज्ञाने सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी एक मोठा ग्रंथ पुरा केला. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात इत्रिया मोठ्या प्रमाणावर बनते आणि जहाजं भरभरून मुसलमान आणि ख्रिस्ती अशा दोन्ही मुलुखांत जाते, असं त्याने त्यात नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला ही जी गोष्ट आपण ऐकतो, ती खोटी ठरवायला ही एकच नोंद पुरे. मार्को पोलोचा जन्म १२५४ चा, बरोबर शंभर वर्षांनंतरचा.

चणे आणि पिठाच्या पट्ट्यांची जोडी तर त्याहूनही जुनी. रोमन कवी होरेस इ.स.पूर्व ६५ मध्ये वेनोसाला जन्मला. हे गाव पुलियाला लागूनच आहे. आपल्या एका कवितेत त्याने संध्याकाळी फिरून घरी आल्यावर कांद्याची पात म्हणावी असा लीक, चणे आणि 'लागानुम' यांनी भरलेल्या ताटाकडे वळतो असं सांगितलं आहे. लागानुम म्हणजे पिठाची पातळ लाटलेली पोळी किंवा तिच्या पट्ट्या. ती आजच्यासारखी उकडत की भाजत-तळत, यावर विद्वानांचं एकमत नाही. पण होरेसच्या त्या मुलुखात आजही 'लागाने ए चेची' म्हणजे पट्ट्या आणि चणे हा पदार्थ घरोघरी होतो, आणि चिचिरी ए त्रिया त्याचीच सख्खी बहीण.

दोघींत फरक आहे तो तळणीचा. सालेंतोच्या बायका पट्ट्यांचा पाव ते तिसरा हिस्सा वेगळा काढून ऑलिव्ह तेलात तांबूस तळतात आणि शेवटी चण्यात मिसळतात. काही पट्ट्या मऊ, काही कुरकुरीत. मांस परवडत नव्हतं, तेव्हा तळलेला खमंगपणा हीच मांसाची हौस, असं तिथले लोक सांगतात. पिठात अंडंसुद्धा नाही. नुसता जाड गव्हाचा रवा आणि पाणी. उत्तर इटलीत पास्त्यात अंडी घालतात, दक्षिणेच्या शेतमजुराला ती चैन नव्हती. चणे 'पिन्याता' नावाच्या मातीच्या मडक्यात, चुलीच्या कडेला निखाऱ्यावर, तासन् तास मंद शिजायचे. बाई शेतावर जाऊन आली की जेवण तयार.

चणे काबुली असतात, पण पुलियाच्या पठारावर एक काळा चणाही पिकतो: लहान, सुरकुतलेला, टोकाला वाकडा. त्याचा फोटो आईला पाठवला तर ती म्हणाली, "यात काय विशेष, हा आपला गावरान हरभरा!"

संतांची पंगत

आता त्या पायऱ्यांकडे वळू.

१९ मार्च हा संत जोसेफचा दिवस. इटालियन भाषेत सान जुझेप्पे. येशूचा लौकिकातला पिता, धंद्याने सुतार. म्हणून तो कष्टकऱ्यांचा, कुटुंबाचा, गोरगरिबांचा संत. इटलीत 'फादर्स डे' याच दिवशी असतो. १९७७ पर्यंत या दिवशी देशभर सुट्टी असायची. तारीख ईस्टरआधीच्या उपासाच्या ४० दिवसांत येते, म्हणून त्या दिवसाच्या जेवणात मांस नाही. चीजही नाही; त्याऐवजी भाजलेला पावाचा चुरा. इटालियन लोक गमतीने म्हणतात, हा सुताराच्या दुकानातला लाकडाचा भुसा!

सालेंतोतल्या जुर्दिन्यानो, पोज्जार्दो, उज्जानो ला किएझा अशा छोट्या गावांत या दिवशी घरोघरी 'ताव्होले दि सान जुझेप्पे', म्हणजे संत जोसेफची टेबलं मांडतात. बहुतेक वेळा हा नवस असतो. मूल आजारातून उठलं, मुलगा लढाईवरून परत आला, समुद्रावर गेलेला सुखरूप घरी आला, की बाई म्हणते, "सान जुझेप्पे, तुझं टेबल मांडीन." पाहा, सत्यनारायण किंवा खंडोबाची तळी आठवली ना?

टेबलाशी जेवायला बसतात ते 'संत'. कमीत कमी ३: जोसेफ, मेरी आणि बाल येशू. जास्तीत जास्त १३. आकडा नेहमी विषम: ३, ५, ७, ९, ११ किंवा १३. प्रत्येकापुढे एक प्रचंड गोल पाव, काही किलो वजनाचा, मध्ये भोक असलेला. शिवाय तेल, दारू, मासे, संत्रं, बडीशेपेचा गड्डा. पदार्थ ठरलेले: चण्यांबरोबरचा पास्ता, ज्याला तिथे 'मास्सा' म्हणतात, मध आणि पावाचा चुरा घातलेल्या शेवया, 'लाम्पाशोनी' नावाचे रानटी, कडवट कांदे, तळलेले आणि रश्शातले मासे, मधात घोळवलेले गोड तळण. किती दिवस आधीपासून शेजारपाजारच्या बायका एकत्र जमून हे करत असतात. एकटीच्या हातून होण्याजोगं हे कामच नाही.

१८ तारखेच्या संध्याकाळी टेबलं सजून तयार होतात आणि सगळा गाव या घरातून त्या घरात बघायला फिरतो, आपल्याकडे गौरी बघायला फिरतात तसा. १९ ला पाद्री येऊन आशीर्वाद देतो आणि संत जेवायला बसतात. पंगतीचा मुख्य जोसेफ. तो काट्याने ताटावर टकटक करतो की सगळ्यांनी हातातला घास थांबवायचा आणि पुढच्या पदार्थाकडे वळायचं, मग आधीचा संपलेला असो वा नसो. संत प्रत्येक पदार्थाचे दोन-चार घासच खातात. उरलेलं सगळं, पावासकट, त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी जातं.

इथे खरी मेख आहे. पूर्वी हे संत म्हणून कोण बसायचं? गावातली सगळ्यात गरीब माणसं. एखादा म्हातारा मजूर जोसेफ व्हायचा, एखादी अनाथ मुलगी मेरी. जमीनमालकाच्या किंवा खात्यापित्या घरात वर्षभर ज्याला मागच्या दाराशी उभं राहावं लागायचं, तो त्या दिवशी पुढच्या दाराने आत यायचा, टेबलाच्या मानाच्या जागी बसायचा, आणि घरची मालकीण स्वतः उभी राहून त्याला वाढायची. कधी थांबायचं, कधी पुढे जायचं, हे तो काटा वाजवून ठरवायचा. उरलेलं घेऊन जायचा तेही हक्काने. ते उष्टं म्हणून टाकलेलं नसायचं, त्याच्यासाठीच शिजवलेलं असायचं. घरातली माणसं नंतर जेवायची, आणि जेवायची ती तेच चणे, तोच पास्ता.

सिसिली बेटावर याच सणाला अजून एक छोटं नाटक होतं. जोसेफ, मेरी आणि येशू झालेली मुलं एका दारावर टकटक करतात. आतून आवाज येतो: इथे जागा नाही. दुसऱ्या दारावरही तेच. तिसरं दार उघडतं आणि आतून सजलेलं टेबल दिसतं. बेथलेहेमात या कुटुंबाला कोणी आसरा दिला नव्हता, त्याची ही आठवण. घर शोधत परक्या गावात दारोदार फिरलेलं कुटुंब. सूटकेसा घेऊन पहिलं अपार्टमेंट शोधत हिंडलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

समुद्रापलीकडे

१८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले, त्यातले बहुतेक दक्षिणेतले. बोटीच्या तळाच्या वर्गातून आलेल्या या लोकांकडे सामान फारसं नव्हतं, पण संत जोसेफ बरोबर आला. न्यू ऑर्लिन्समध्ये सिसिलीच्या लोकांनी मांडलेली सेंट जोसेफची टेबलं आज सगळ्या शहराचा सण झाली आहेत. घरांत, चर्चमध्ये, हॉलमध्ये दारं उघडी. कोणीही यावं, जेवावं, जाताना एक सुका वालासारखा दाणा नशीब म्हणून खिशात टाकावा. दुष्काळात सिसिलीला याच वालाने जगवलं अशी कथा आहे. टेबलापुढे जमलेले पैसे आणि उरलेलं अन्न गरजूंसाठी जातं.

या परंपरेत एक गोष्ट आम्हाला फार आवडली. जुन्या रीतीप्रमाणे टेबल मांडणाऱ्याने सामान आपल्या पैशाने आणायचं नाही, मागून आणायचं. एका घरून पीठ, दुसऱ्याकडून तेल, तिसऱ्याकडून चणे. घरात सगळं असलं तरीही. मागताना मान खाली जाते, आणि ती जायलाच हवी अशी त्यामागची कल्पना. ज्याला वाढायचं आहे त्याची जागा काय असते हे आधी कळू दे. आपल्याकडे चंपाषष्ठीला खंडोबाचे भक्त पाच घरी वारी मागतात, देवीचा जोगवा मागतात, तो याच जातीचा. त्या दिवशी पाटलालाही झोळी घ्यावी लागते.

आपल्याकडचं आणि तिकडचं

हे वाचून, "मग आपल्याकडे काय कमी आहे?" असं कोणी म्हणेल. खरंच आहे. भंडारा आहे, महाप्रसाद आहे, वारीच्या वाटेवर गावोगाव वारकऱ्यांना जेवू घालणारी घरं आहेत. माणसात देव बघून त्याला जेवू घालणं तर आपल्या घरोघरी आहे. सवाष्ण जेवायला बोलावतो तेव्हा ती देवी असते. मेहूण बोलावतो तेव्हा ते लक्ष्मीनारायण असतात. पाय धुतो, अत्तर लावतो, दक्षिणा देतो.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर आपण कोणाला बोलावलं? ओळखीतल्यांना. आपल्या बरोबरीच्यांना. सवाष्णीच्या पाटावर विधवा आजीला कधी बसवलं नाही. ज्या बाईने त्या दिवसाची सगळी भांडी घासली, तिला मागच्या ओट्यावर वेगळ्या ताटलीत दिलं. आमच्यातल्या सगळ्यांच्या आठवणीत अशी एक तरी ताटली आहे. संत जोसेफच्या टेबलाने नेमकी तीच ताटली उचलून मानाच्या जागी ठेवली. आम्हाला या रीतीचं मोल वाटतं ते यासाठी.

तिकडचं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. आता सालेंतोतही संत म्हणून बरेचदा नातेवाईक आणि शेजारीच बसतात. पोटाची भूक ओसरली, उत्सव राहिला, पर्यटकही यायला लागले. एक दिवस मानाने बसवलेला मजूर २० मार्चला पुन्हा मजूरच होता, हेही खरं. एका पंगतीने जग बदलत नाही. पण कोणाला कुठे बसवायचं हे ती दरवर्षी एकदा विचारते, आणि हा प्रश्न विचारत राहणंही थोडं नाही.

आमची चूक

आता कबुलीजबाब. दोन वर्षांपूर्वीच्या आपल्या मदतनिधीच्या जेवणाला पाहुणे अंदाजापेक्षा कमी आले आणि अन्न खूप उरलं. आम्ही ते अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये भरलं आणि रात्री साडेदहाला एका निवाऱ्यावर नेऊन दिलं. मनातून फार बरं वाटत होतं. तिथल्या बाईंनी झाकण उघडून विचारलं, "यात काय काय आहे? दाणे आहेत का? तिखट किती आहे?" आमच्यापैकी कोणालाही धड सांगता येईना. एकाही ट्रेवर चिठ्ठी नव्हती. त्यांच्याकडे लहान मुलं होती, कोणाला दाण्यांची अॅलर्जी होती. त्यांचा नाइलाज होता. बरंचसं अन्न फेकावं लागलं असं दुसऱ्या दिवशी कळलं.

तेव्हा आम्हाला थोडा रागच आला होता. एवढं चांगलं अन्न! पण त्या आजीबाईंच्या हॉलमध्ये चणे खाताना कोडं सुटलं. ते अन्न आम्ही त्यांच्यासाठी शिजवलंच नव्हतं. आमच्यासाठी शिजवलं, आमचं पोट भरलं, आणि मग त्यांची आठवण झाली. चणे आणि पास्ता काही महागाचे नाहीत. पण ते आधी पाहुण्यासाठी मडक्यात पडले होते, नंतर घरच्यांसाठी.

या वर्षीची पंगत

म्हणून या वर्षी तीन गोष्टी बदलायचं ठरवलं आहे.

पहिली: आपल्या गावातल्या फूड पॅन्ट्रीवर येणाऱ्या कुटुंबांना आपण जेवायला बोलावलं आहे. तिकीट नाही, वेगळी रांग नाही. पहिली पंगत त्यांची, आणि आपल्यातल्या मंडळींबरोबर मिसळून. वाढपी आपण. ज्यांना यायला संकोच वाटेल त्यांच्यासाठी डबे आधी भरले जातील, आपली जेवणं सुरू होण्यापूर्वी, आणि प्रत्येक डब्यावर काय आहे ते लिहिलेलं असेल.

दुसरी: सगळ्यांना एकच जेवण. मोठ्या देणगीदारांसाठी वेगळं टेबल असायचं, ते या वर्षी नाही. देणगीदारांनी राग मानू नये. त्यांच्यातल्याच दोघांनी ही सूचना केली.

तिसरी: सामान विकत आणायचं नाही, मागायचं. पुढच्या दोन आठवड्यांत आमच्यापैकी कोणी तुमच्या दारावर टकटक करेल. दोन वाट्या चणे द्या, एक पिशवी कणीक द्या, तेलाची बाटली द्या. चेक द्यायचा असेल तर तोही द्याच, नाही कोण म्हणतंय! पण मूठभर धान्य तरी हाताने द्या. मागायला आमच्याबरोबर यायचं असेल तर त्याहून उत्तम. दहा वर्षांवरच्या मुलांना जरूर पाठवा.

मेनूत वरणफळं आहेत आणि चिचिरी ए त्रियाही आहे. दोन्ही एकाच टेबलावर, शेजारी शेजारी. आजीबाईंनी स्वतः येऊन पट्ट्या कापायला शिकवायचं कबूल केलं आहे. त्या म्हणाल्या, "तुमचं लाटणं आमच्यापेक्षा बारीक आहे, पण चालेल."

घरी करून बघायचं असेल तर

(६ जणांसाठी)

साहित्य: काबुली चणे ३०० ग्रॅम, बारीक सेमोलिना ३०० ग्रॅम (इटालियन दुकानात पास्त्यासाठीचा मिळतो, नसेल तर बारीक रवा मिक्सरमधून फिरवून त्यात थोडी कणीक मिसळा), कोमट पाणी साधारण १५० मिली, १ कांदा, २ लसूण पाकळ्या, सेलरीचा १ दांडा, ३-४ छोटे टोमॅटो, २ बे लीफ, ऑलिव्ह तेल, मीठ, मिरपूड. बे लीफ म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे, त्याचा वास निराळा; इथल्याच दुकानातलं घ्या.

कृती: चणे रात्रभर भिजवा. पाणी बदलून, कांदा, लसूण, सेलरी, टोमॅटो आणि बे लीफ घालून मऊ शिजवा. मडकं असेल तर मंद आचेवर दोन-तीन तास, कुकर असेल तर ५-६ शिट्ट्या. मीठ शिजल्यावर घाला. चणे अख्खे राहिले पाहिजेत पण बोटाने दाबल्यावर लोणी व्हायला हवेत. त्यातले दोन डाव चणे घोटून परत रश्शात घाला, म्हणजे दाटपणा येतो.

सेमोलिनात चिमूटभर मीठ आणि लागेल तसं पाणी घालून पुरीइतकं घट्ट मळा. दहा मिनिटं तरी चांगलं मळायचं. झाकून अर्धा तास ठेवा. मग पोळीपेक्षा थोडं जाड लाटून, कापडावर पंधरा-वीस मिनिटं सुकू द्या आणि बोटाएवढ्या रुंद, वीतभर लांब पट्ट्या कापा.

तिसरा हिस्सा पट्ट्या ऑलिव्ह तेलात तांबूस तळून बाजूला ठेवा. बाकीच्या मिठाच्या उकळत्या पाण्यात ३-४ मिनिटं शिजवून, निथळून, चण्यात घाला. थोडं ते पाणीही घाला. दोन मिनिटं एकत्र उकळू द्या. शेवटी तळलेल्या पट्ट्या, वरून कच्चं ऑलिव्ह तेल आणि मिरपूड. चीज घालू नका. आजीबाईंना कळलं तर हॉल मिळायचा नाही.

एक सूचना: तळलेल्या पट्ट्या वाढायच्या आधी घरातल्या मुलांपासून लपवून ठेवा. आमच्याकडे पहिल्या वेळी एकही उरली नव्हती.

तर मंडळी, दारावर टकटक झाली की उघडा. चणे तयार ठेवा. आणि त्या दिवशी थोडे लवकर या. आधी वाढायचं आहे, मग बसायचं आहे.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
भोजन समिती